हुं म्हणणारी कळ

आमच्या बाई कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढल्याबरोबर आधी दिव्याचं बटण दाबून बघत. भर दिवसा. एकदा लावायचं, एकदा घालवायचं, मान किंचित वाकडी करून ऐकायचं आणि मग बसायचं. यजमानीण पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत निकाल तयार असे. "तुमचं दिव्याचं बटण छान आहे हो. पंख्याचं मुकं आहे, बदलून घ्या." डोंबिवलीत निम्म्या गावाला बाईंची ही खोड माहीत होती, कारण निम्मं गाव कधी ना कधी त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकून गेलं होतं. उरलेल्या निम्म्यांना बाई विजेच्या ऑफिसातून आल्या आहेत असं वाटे, आणि ते घाईघाईने बिल आणून दाखवत.

मी मुरबाडच्या पलीकडची. आमच्या घरात पदवी आणणारी मी पहिली. पदवी मिळाली की नोकरी आपण होऊन दारात येते, अशी माझ्या वडिलांची समजूत होती आणि तिला धरून मीही बरेच दिवस ओट्यावर बसून काढले. शेवटी डोंबिवलीच्या मावशीने मला बाईंपुढे नेऊन उभं केलं. बाईंनी माझ्या गुणपत्रिकेकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "एक गोष्ट सांगते, ऐक." आणि त्यांच्या माहेरच्या एका म्हशीची गोष्ट सुरू केली. मी हात बांधून, अदबीने ऐकत होते. मध्येच त्या थांबल्या.

"तू हुं का म्हणत नाहीस?"

"मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये, म्हणून."

"बोलू नयेच. हुं म्हणावं. नाहीतर सांगणाऱ्याला कसं कळायचं, पुढ्यात माणूस आहे की कपाट?"

मग उरलेली म्हैस मी हुं, हुं करत ऐकली. गोष्ट संपल्यावर बाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, "आता सांग, मी काय म्हणाले?" मी त्या म्हशीच्या शिंगांच्या वळणासकट सगळं परत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मी शिकायला आणि वर्षभरात शिकवायला लागले. आज मी जी काही आहे, तिची सुरुवात त्या म्हशीपासून झाली. म्हणून हे लिहिताना मला कुठे हसू आलं, तर ते हात जोडून हसणं आहे असं समजावं.

बाईंचं सगळं शास्त्र त्या एका हुंमध्ये होतं. बोट सांगतं, कळ ऐकते. ऐकलं की कळीनं हुं म्हणावं. हुं आली की बोटानं तिथे रेंगाळू नये, पुढच्या अक्षराकडे जावं. नव्या मुलींना त्या टाइपरायटरवर पहिले काही दिवस अक्षरं शिकवतच नसत. नुसतं एक बटण दाबून डोळे मिटून ऐकायला लावत. खाली शिंप्याचं दुकान होतं. तो म्हणे, "वरती बाई मुलींना ध्यान शिकवतात आणि फी टायपिंगची घेतात."

हाच नियम माणसांनाही होता. बोलता बोलता त्या एकदम थांबत आणि विचारत, "मी काय म्हणाले?" ज्याला सांगता येत नसे, त्याची बाईंच्या मनातली किंमत तिथल्या तिथे उतरे. भाजीवाला, डॉक्टर, नगरसेवक, कुणाची सुटका नव्हती. फक्त स्वतःच्या यजमानांना हा प्रश्न विचारणं त्यांनी सोडून दिलं होतं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले होते आणि दिवसभर इन्स्टिट्यूटच्या कोपऱ्यात बसून पेपर वाचत. "ही कळ मुळातच खराब आली," असं बाई आम्हा सगळ्यांसमोर म्हणत, आणि पेपरमागून आवाज येई, "हं."

नव्वदचं दशक निम्मं सरलं आणि टायपिंगला येणाऱ्या मुली कमी व्हायला लागल्या. ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा होता. बाईंनी फार दिवस कुरकुर केली आणि मग एका झटक्यात निर्णय घेतला. एक जुना टाइपरायटर आठवण म्हणून घरी नेला, बाकीचे विकले आणि मराठी अक्षरजुळणीसाठी चार कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. लग्नपत्रिका, अहवाल, शाळांचे पेपर, अशी कामं घ्यायची. कॉम्प्युटर कुठला घ्यायचा याची चौकशी त्यांनी केलीच नाही. "डबा कुठलाही द्या," त्या ठाण्याच्या विक्रेत्याला म्हणाल्या. "मला कीबोर्ड दाखवा."

हे विक्रेते गोरेपान, सफारीतले गृहस्थ होते. आम्ही त्यांना ठाण्याचे साहेब म्हणायचो. त्यांनी गाडीतून सात-आठ नमुने आणले आणि बाईंनी रीतसर बघण्याचा कार्यक्रम केला. टेबलावर धुतलेली चादर. एकेका कीबोर्डला पुढे बोलावायचं. साहेबांना पोहे.

पहिल्याची बटणं दाबून बाईंनी बोट चादरीला पुसलं. "शिळ्या इडलीवर हात ठेवल्यासारखं वाटतं." दुसऱ्याची लांब पट्टी, दोन शब्दांमध्ये जागा सोडायची, ती डावीकडून दाबली तर जाई आणि उजवीकडून दाबली तर रुसून वाकडी होई. "ही कावड एका खांद्याची आहे." तिसऱ्याचे मागचे पाय बाईंनी नुसता हात टेकताच आत दुमडले. "याला आत्ताच उठवत नाही, पुढे काय करणार?" चौथा दिसायला सुरेख होता, पण त्यात खोडायच्या बटणाला खेटूनच मशीन बंद करायचं बटण होतं. बाई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "देवघराला लागून मोरी," त्या म्हणाल्या. "हे ज्यानं काढलं त्याला कधी घाईत काही खोडावं लागलेलं नाही."

साहेबांनी मग गाडीतून एक वेगळा खोका आणला. सगळ्यांत महागडा, परदेशी. एका कीबोर्डच्या पैशात आमच्या मावशीच्या घरी फ्रिज आला असता. हातात घेतला की पाटा उचलल्यासारखा वाटे. आत पोलादी पत्रा, प्रत्येक कळीला स्वतंत्र स्प्रिंग. साहेब म्हणाले, "हा तिकडे लाखो वेळा दाबून तपासतात, बाई."

बाईंनी डोळे मिटले आणि एक कळ दाबली. टक. दुसरी दाबली. टक. त्यांचा चेहरा असा उजळला की त्यांच्या यजमानांनी पेपर खाली केला.

"हुं म्हणतोय," बाई हळूच म्हणाल्या. "प्रत्येक कळ हुं म्हणतेय."

चार घेतले. दसऱ्याला त्यांच्यावर खण पांघरून पूजा झाली. रोज संध्याकाळी कीबोर्ड उपडा धरून तान्ह्या मुलासारखा पाठीवर थोपटायचा, असा नियम झाला. पहिल्याच आठवड्यात त्यातून शेव, साखरेचे दाणे आणि विमलची टिकली निघाली. टिकली बाईंनी तिला समारंभाने परत लावली.

ही विमल ठाकुर्लीची, आमच्यातली सगळ्यांत चपळ. तिची बोटं दिसायची नाहीत, नुसता आवाज यायचा. तीच एक दिवस काम थांबवून म्हणाली, "बाई, काना येत नाय."

"म्हणजे?"

"आवाज येतो. काना येत नाय."

इथे ज्यांनी मराठी टायपिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. इंग्रजीचा के जिथे असतो, तिथे आमच्या मांडणीत काना होता. इंग्रजीत हा के म्हणजे कधीमधी येणारा पाहुणा. आमच्याकडे तो घरजावई. 'आ' टाइप करायचा तर आधी अ, मग काना. 'ओ'कार हवा तर काना आणि वर मात्रा. 'भ', 'श', 'ण' अर्धे येत आणि कान्याची काठी टेकवल्याशिवाय उभे राहत नसत. थोडक्यात, त्या एका कळीवर मराठी भाषेचा सगळा भार होता, आणि विमलने टाइप केलेल्या अहवालात सभासदांचे 'आभार' जाऊन 'अभार' झाले होते.

बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला, कान्याची कळ उचकटली आणि आत डोकावून पाहिलं. बराच वेळ दाबून, सोडून पाहत राहिल्या. मग आकडा तसाच हातात धरून खुर्चीवर बसल्या.

"अगं, यात आवाज करायची पट्टी वेगळी आहे आणि कळवायची वेगळी," त्या मला म्हणाल्या. "बोट अर्ध्यावर गेलं की हा टक म्हणतो. आणि ऐकतो मात्र तळाशी गेल्यावर. याची हुं खोटी आहे."

एका बोटाने सावकाश टाइप करणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं, कारण त्याचं बोट तळापर्यंत जाई. पण आमच्या मुली हुं आली की बोट उचलत. त्यांना तसं बाईंनीच शिकवलं होतं. दिवसभर सगळ्यांत जास्त मार कान्याच्या कळीला बसे, म्हणून तीच आधी सैल पडून कधी अक्षर देई, कधी नाही. जी जितकी चांगली शिकलेली, तिचे काने तितके जास्त गळत.

ठाण्याच्या साहेबांना बोलावलं. ते आले, उभ्या उभ्या एका बोटाने दहा-बारा काने मारले. सगळे आले. "बघा," ते म्हणाले. "मुलींना सवय नाही. जरा जोरात दाबायला सांगा."

"म्हणजे त्यानं हुं म्हटल्यावर पुन्हा सांगायचं?"

"बाई, इतका महागडा माल आहे. याच्यात दोष नसतो." आणि ते गेले.

त्या आठवड्यात बाईंनी कुणाच्याही घरचं बटण दाबून पाहिलं नाही. माझ्या मावशीकडे हळदीकुंकवाला आल्या आणि सरळ सतरंजीवर जाऊन बसल्या. मावशीने मला आत बोलावून विचारलं, "बाईंना बरं नाही का?" टाइपरायटर विकून झाले होते. दुसरे कीबोर्ड घ्यायचं बळ उरलं नव्हतं. लग्नसराई तोंडावर आली होती. पत्रिकांची कामं हातची गेली तर इन्स्टिट्यूटला कुलूप लागणार आणि विमल, मी आणि आणखी दोघी आपापल्या घरी जाणार, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाईंना त्याहून वेगळं काहीतरी लागलं होतं. आयुष्यभर ज्या कानावर विश्वास ठेवला, त्याने त्यांना भर कार्यक्रमात, पोह्यांसमोर फसवलं होतं.

मग एके सकाळी त्या आल्या त्या जिन्यातलं बटण दोनदा दाबूनच. मी ओळखलं की काहीतरी ठरलंय. त्यांनी ठाण्याला फोन लावला.

"साहेब, मुलीचं लग्न ठरलं म्हणे. अभिनंदन. पत्रिका आमच्याकडून करून घ्या, आमच्याकडून आहेर समजा."

साहेब खूश झाले. मजकूर आला. बाईंनी तो विमलपुढे ठेवला. "तुझ्या नेहमीच्या वेगाने मार. मशीन जे लिहील ते लिहू दे. काना-मात्रेचा फरक करायचा नाही."

"आणि चुका?"

"चुका आपल्या नाहीत. आपण कशाला दुरुस्त करायच्या?"

छापून निघालेला कच्चा नमुना बाईंनी साहेबांच्या दुकानात पाठवला नाही. कोलशेतला त्यांच्या घरी, थेट त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या हातात पडेल असा पाठवला.

दुसऱ्या दिवशी दोघंही आले. वहिनी पुढे, साहेब मागे. वहिनींनी कागद टेबलावर ठेवला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायला सुरुवात केली.

"हे काय? 'अमचे येथे श्रीकृपेकरून'. जावयाचं नाव विनोद, त्याचं 'विनेद' केलंय. माझ्या सासऱ्यांना 'अजेबा' म्हटलंय. आणि माझा सख्खा भाऊ आणि भावजय, मामा-मामी, त्यांचं काय केलंय वाचते. 'मम आणि ममी'. माझी भावजय आधीच कमी बोलते माझ्याशी."

खाली लहान मुलांच्या नावाची ओळ होती, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'. तिचं 'अमच्या तईच्या लग्नला ययचं हं' झालं होतं. शेवटचा 'हं' तेवढा शाबूत होता.

"बाई, हे मुद्दाम केलंय," साहेब म्हणाले.

"मुद्दाम एवढंच केलं की काही केलं नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याच कीबोर्डने तुमच्या घरचं कार्य लिहिलंय. आम्ही मध्ये पडलो नाही."

"मी मागे स्वतः तपासला होता. आत्ता परत तपासतो." साहेबांनी खुर्ची ओढली, सफारीचं बटण सैल केलं आणि मजकूर समोर ठेवून एका बोटाने टाइप करायला बसले. टक. टक. टक. काना आला. दुसरा आला. वहिनी पडद्याकडे बघू लागल्या. विमलने माझा हात धरला. मामा आले. मामीसुद्धा धडधाकट आल्या.

"बघा," साहेब मान वर न करता म्हणाले. "येतोय की नाही?"

"चालू द्या तुमचं," बाई शांतपणे म्हणाल्या. "तोवर मी आपली एक गोष्ट सांगते. आमच्या माहेरी एक म्हैस होती."

"हं," साहेब म्हणाले. टक.

"तिला फार मोठी शिंगं होती."

"हं." टक.

"ती एकदा सुटली आणि चालत चालत ठाण्याला आली."

"हं."

"तुमच्या गोदामात शिरली आणि तिने सगळे कीबोर्ड खाल्ले."

"हं, हं."

"मग तिने वहिनींना शिंगावर घेतलं."

"बरोबर," साहेब म्हणाले आणि 'विनोद'च्या कान्यावर बोट टेकवलं. टक.

कोपऱ्यातला पेपर खाली आला.

"साहेब," बाईंनी विचारलं, "मी काय म्हणाले?"

साहेबांनी मान वर केली. सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "तेच आपलं. कीबोर्डचं."

"आवाज आला, पोचलं काहीच नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला बोल लावत नाही मी. पण तुमच्या कीबोर्डचा आजार हाच आहे. हुं म्हणायची पट्टी वेगळी, ऐकायची वेगळी."

वहिनी हळूहळू खुर्चीवर बसल्या. आधी त्यांचे खांदे हलले, मग पदर तोंडाला गेला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, हा दोष आमच्या घरात लग्नापासून आहे. मला वाटायचं फक्त माणसांत येतो." मग त्यांनी डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळून वेगळ्याच आवाजात सांगितलं, "उद्या यांचे चारही बदलून द्या. मी काय म्हणाले?"

"उद्या चारही बदलून द्यायचे," साहेब म्हणाले. शब्दन् शब्द बरोबर होता.

बदलून जे आले ते त्यांच्या गोदामात कधीपासून पडलेले, पिवळे पडलेले, सुटकेसएवढे जुने कीबोर्ड होते. दिसायला इतके वाईट की त्यांच्यावर खण घातला तर खणाची शोभा जायची. पण त्यांत आवाज आणि अक्षर एकाच स्प्रिंगच्या पोटातून निघत होतं. आवाज इतका मोठा की खालचा शिंपी वर येऊन विचारून गेला, ध्यान बंद झालं का. त्या लग्नसराईत आमच्या चौघींची बोटं एक दिवस रिकामी राहिली नाहीत. साहेबांच्या मुलीच्या पत्रिकेत मामींना त्यांचा काना सन्मानाने परत मिळाला. लग्नाला बाई गेल्या होत्या. हॉलमध्ये शिरताच त्यांनी सवयीने भिंतीवरचं एक बटण दाबून पाहिलं आणि ऐन मंगलाष्टकांत सगळा मांडव अंधारात गेला. अंधारात वहिनींचा आवाज आला, "बाई आल्या वाटतं."

पुढे मला ठाण्याला एका कचेरीत चांगली नोकरी लागली. शब्द बाईंनीच टाकला होता. तिथले कीबोर्ड पातळ, मऊ आणि मुके होते, आणि माणसंही बरीचशी तशीच. मी डोंबिवलीला येत-जात असायचे, पण दर खेपेला मधलं अंतर वाढत गेलं.

शेवटची भेटले तेव्हा बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्या खुर्चीत पेपरची घडी तशीच होती. खोलीत कोपऱ्यात तो एकमेव टाइपरायटर, अंगावर खण. बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि म्हणाल्या, "सांग."

मी सांगायला लागले. कचेरीतलं, मुलाच्या शाळेचं, विमलने कल्याणला स्वतःचं अक्षरजुळणीचं दुकान काढलं त्याचं. बाई हुं, हुं म्हणत होत्या. सारखा एकच सूर, एकच पट्टी. मी थांबले तरी एक हुं आली. बाईंच्या सूनबाई दारातून म्हणाल्या, "हल्ली असंच असतं. त्यांना काही पोचत नाही फारसं."

ज्यांनी मला ऐकायला शिकवलं, त्यांच्याकडून तशी हुं घेऊन मला घरी जायचं नव्हतं. मला वाटलं, बघावं तरी. मी तोच सूर ठेवून पुढे बोलत राहिले. "आणि बाई, जाताना तुमचा हा टाइपरायटर मी मागच्या विहिरीत टाकून जाणार आहे."

"हुं," बाई म्हणाल्या.

मी पर्स उचलली. पाया पडायला वाकले तेव्हा बाईंनी, डोळे न उघडता, माझं मनगट धरलं.

"आधी रिबन काढून घे," त्या म्हणाल्या. "नवीन घातलीय."